पंधरा मीटरची शेड डोंगरात मुरवताना

कात्रजच्या बाजूला एका छोट्या अम्युझमेंट पार्कमध्ये बंदिस्त राइडसाठी नवी इमारत उभी राहिली. इमारत म्हणजे पत्र्याची अजस्र शेड. 15 मीटर उंच, खिडकी एकही नाही, आणि कारखान्यातून आलेला पत्रा पांढराशुभ्र. राइड आत, काळोखात चालते, त्यामुळे बाहेरून शेडला रूप देण्याच्या फंदात कुणी पडलं नव्हतं. फाटकातून आत आलं की तळं, मागे झाडी, त्यामागे डोंगर, आणि मधोमध हा पांढरा खोका. तो नजरेआड करायचं काम माझ्याकडे आलं. इमारतींना बाहेरून कोणता रंग द्यायचा, हे सुचवणं हाच माझा व्यवसाय.

या कामात डिस्नेने फार विचार केलेला आहे. त्यांच्या पार्कांत कुंपणं, कचऱ्याचे डबे, राइडच्या मागच्या भिंती ज्या मळकट हिरव्या-राखाडी छटांनी रंगवतात, त्यांना 'गो अवे ग्रीन' म्हणतात. फ्लोरिडातल्या एपकॉट या डिस्नेच्याच पार्कात 2022 साली 'कॉस्मिक रिवाइंड' ही राइड सुरू झाली, तिची प्रचंड इमारत मात्र निळ्या छटांत आहे, कारण बघणाऱ्याला तिच्या मागे आकाश दिसतं. मला सर्वांत आवडतो तो 1994 चा 'टॉवर ऑफ टेरर', तीही डिस्नेची एक राइडच. हा 199 फुटांचा टॉवर आहे शेजारच्या दुसऱ्या पार्कात, पण एपकॉटच्या तळ्यापलीकडून तो तिथल्या मोरोक्को देशाच्या दालनामागे डोकावतो. म्हणून त्याचा रंग मोरोक्कोशी जुळेल असा ठेवला. आधी माणूस कुठे उभा राहून बघणार ते ठरवायचं, रंगाचं नंतर, हे मी तिथून घेतलं.

आमच्या मालकांना हिरवाच हवा होता. पाहणीला गेलो तेव्हा पाऊस लागलेला, डोंगर नुसता हिरवागार. "मॅडम, डोंगराचाच रंग मारून टाका, प्रश्न मिटला." मी त्यांना त्याच जागेचे मार्चमधले फोटो दाखवले. पुण्याच्या टेकड्या हिरव्या असतात जेमतेम चार महिने. दिवाळी झाली की कुसळी गवत पिवळं पडतं, मग गिरिपुष्पाची पानं झडतात, आणि होळीपर्यंत सगळं खाकी, मधूनमधून वणव्याचे काळे पट्टे. शाळांच्या सहली थंडीत, घरच्यांची गर्दी मे महिन्यात. म्हणजे हिरवी शेड नेमकी गर्दीच्या दिवसांत उठून दिसली असती. फ्लोरिडात बारमाही हिरवळ असते, तिथलं उत्तर इथे जसंच्या तसं चालणार नाही. मालकांना हे पटलं, पण खरा निकाल लावला नमुन्यांनी.

रंगाच्या नमुना कार्डवरच्या बोटभर चौकोनावरून एवढ्या मोठ्या भिंतीचा अंदाज येत नाही. उन्हात, मोठ्या पृष्ठभागावर प्रत्येक रंग कार्डापेक्षा उजळ आणि भडक दिसतो. म्हणून उरलेल्या पत्र्याचे मोठे तुकडे रंगवून शेडच्याच भिंतीवर टांगले आणि फाटकाशी उभं राहून बघितले. सकाळी, भर दुपारी, उन्हं कलल्यावर. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करायचा. रंग निघून गेल्यावरही तुकडा डोंगरापेक्षा वेगळा उमटत असेल, तर तो बाद. डोळ्याला आधी उजेड-अंधाराचा फरक खटकतो, रंग त्यानंतर. हिरवे बहुतेक सगळे तिथेच गळाले. टिकला तो शेवाळी आणि मातकट यांच्यामधला एक धुळकट रंग. पावसाळ्यात तो झाडांच्या सावलीसारखा वाटतो आणि उन्हाळ्यात वाळल्या गवतात मिसळतो. कुठल्याच ऋतूत तंतोतंत जुळत नाही, पण कुठल्याच ऋतूत टोचतही नाही.

शेडचा माथा डोंगराच्या कडेच्या वर जातो, तिथे मागे आकाश. पुण्यात क्षितिजाजवळचं आकाश बहुतेक वेळा पांढुरकं, धुरकट असतं, निळं फार कमी. म्हणून वरचा पट्टा फिका राखाडी घेतला. भिंतीवर झाडं, डोंगर रंगवून घ्या असंही कुणीतरी सुचवलं. मी ठाम नकार दिला. तसं चित्र एकाच जागेवरून मागच्या दृश्याशी जुळतं, दहा पावलं चाललं की खोटं पडतं, आणि मग सगळे त्याच्याकडेच बघत बसतात.

चकाकीवरही आम्ही बराच वेळ घालवला. शेडची मोठी बाजू पश्चिमेला. चारनंतर पत्र्याच्या प्रत्येक नळीवर उन्हाची रेघ चमकायची, मग रंग कितीही मुरलेला असो. त्यामुळे मॅट फिनिशच हवं होतं. त्यावर धूळ जास्त धरते हे खरं, पण ती धूळही त्याच डोंगराची.

छपराचा वाद निराळा. आडव्या पृष्ठभागावर आकाशाचा उजेड सरळ पडतो, म्हणून भिंतीचाच रंग छपराला दिला तरी ते उजळ दिसतं. ते मुरवायचं तर गडद करावं लागतं, आणि गडद पत्रा एप्रिलच्या उन्हात आतल्या एसीचा घाम काढतो. पार्कातून छप्पर दिसत नाही, जुन्या घाटाच्या रस्त्यावरून दिसतं. मालक म्हणाले, तिथले लोक काही तिकीट काढून बघत नाहीत. मला मात्र वाटतं, डोंगर त्या लोकांचाही आहे. शेवटी उष्णता परतवणाऱ्या रंगातला मध्यम राखाडी ठरला. थोडा खर्च वाढला, पण मालकांनी मनापासून मान्य केला.

प्रत्यक्ष काम मामांनी, म्हणजे आमच्या पेंटर मेस्त्रींनी, केलं. नव्या पत्र्याला रंग पटकन धरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा काढला, पॉलिश पेपर मारला, प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात. "ताई, पाइप पांढरेच ठेवू ना?" मामांनी विचारलं. त्यांनी विचारलं ते फार बरं झालं, कारण पावसाच्या पाण्याचे उभे पाइप आणि पन्हळ पांढरी राहिली असती, तर फाटकावरून आधी तीच दिसली असती. सगळं भिंतीच्याच रंगात बुडवलं.

दोन गोष्टी मात्र मुद्दाम लपवल्या नाहीत. आगीच्या पाण्याची लाइन लालच ठेवली आणि बाहेर पडायच्या दारांभोवती ठळक चौकट केली. आग विझवायला आलेल्या माणसाला दार शोधावं लागता कामा नये.

रंगाचा कोड आता इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलाय, कारण खालचे दोन फूट पावसाच्या लाल चिखलाने दरवर्षी खराब होणार आणि तेवढं पुन्हा मारावं लागणार. त्याच रंगाचा एक डबा मामांनी स्टोअरमध्ये सील करून ठेवलाय.