भंडारदऱ्याचे काजवे आणि आमचे फोटो

मे महिना सरत आला की आमच्या फोटोवाल्या मित्रमंडळींत एकच विचारणा सुरू होते: वळीव पडला का? अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याच्या जंगलात काजवे दिसू लागतात ते वळवाच्या दोन-चार सरी होऊन गेल्यावर. मोसमी पाऊस जोरात सुरू झाला की खेळ आटोपतो. मधल्या थोड्या दिवसांत अमावास्या कधी येते ते बघायचं आणि सुट्टीचा अर्ज टाकायचा. आमच्यात बँकेत काम करणारे आहेत, एक शाळेत शिकवते, एक दातांचे डॉक्टर आहेत. फोटोग्राफी कुणाच्याच पोटापाण्याचा उद्योग नाही, म्हणून हे दिवस आम्ही सणासारखे जपतो.

यंदा शेंडी गावात मुक्काम केला. शेंडीहून धरणाच्या पाण्याला वळसा घालणारा रस्ता मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी गावं घेत फिरतो, आणि फोटो काढायच्या जवळपास सगळ्या जागा याच रस्त्यावर आहेत. प्रवरेवरच्या या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली संपलं. पावसाळ्यातली हिरवीगार चित्रं पाहून येणाऱ्याला उन्हाळ्यातला जलाशय ओळखू येणार नाही. पाणी खूप खाली गेलेलं असतं. उघड्या पडलेल्या उतारावर पाणी जसजसं ओसरत गेलं तशा तांबूस मातीच्या पायऱ्या उमटलेल्या असतात, तळाशी भेगाळलेला गाळ, मध्येच एखादं जुनं खोड. मला हा जलाशय जास्त आवडतो. भर दुपारी इथे लोक कॅमेरा पिशवीत ठेवून देतात, पण सूर्य उतरणीला लागल्यावर या पायऱ्यांच्या कडांवर तिरपा प्रकाश पडतो आणि प्रत्येक कडेची बारीक सावली वेगळी दिसते. पाठीमागे रतनगड, त्याच्या माथ्यावरचं नेढं म्हणजे खडकातलं आरपार भोक, दुसऱ्या बाजूला १,६४६ मीटरचं कळसूबाई. लांबची लेन्स लावून नुसत्या त्या रेघा टिपल्या तरी संध्याकाळ पुरत नाही.

दुपार मात्र रतनवाडीच्या अमृतेश्वराची. काळ्या दगडातलं हे मंदिर भूमिज शैलीचं आहे. शिखरावर लहान लहान शिखरांच्या ओळी वर चढत जातात. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत जवळजवळ अंधार, असा प्रकाशाचा मोठा फरक असतो. आमच्यातली शाळेत शिकवणारी मैत्रीण सभामंडपातल्या एका खांबापाशीच तळ ठोकून बसली. दाराशी पडलेलं ऊन फरशीवरून उसळून खांबाच्या खालच्या नक्षीवर येतं, तेवढाच भाग उजळतो आणि वरचा कोरीव भाग सावलीत हळूहळू विरत जातो. तिने तिथे तासभर काढला आणि फोटो मोजकेच घेतले. जवळची पुष्करिणी, म्हणजे पायऱ्यांचं कुंड, पाहायला तर उन्हाळाच बरा. पावसाळ्यात इथे सगळं ओलं, शेवाळलेलं असतं. आता पायऱ्या कोरड्या होत्या आणि कोनाड्यांतल्या मूर्तींवर एका बाजूने प्रकाश येत होता.

पहिल्या संध्याकाळी ढग दाटून आले आणि पाऊस सुरू झाला, म्हणून आम्ही मुक्कामीच थांबलो. पडवीतल्या भिंतीवर पांढरी चादर लावली, छोटा प्रोजेक्टर जोडला आणि प्रत्येकाने या उन्हाळ्यात काढलेले फोटो दाखवायला घेतले. सहलीतला माझा सगळ्यात आवडता भाग हाच. बघणाराही फोटो काढणारा असला की दाद वेगळी मिळते आणि प्रश्नही नेमके येतात. डॉक्टरांनी मे महिन्यातला ताडोबा दाखवला. उन्हाने हैराण झालेली वाघीण पाणवठ्यात उलटी, पाठमोरी शिरते आणि मानेपर्यंत बुडून बसते, त्याचे एकामागून एक फोटो. शेवटच्या फोटोत पाण्यावर नुसतं डोकं आणि त्यावर भिरभिरणारी एक चतुर. सगळ्यांनी तोच पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्या एकाने हिमाचलातल्या स्पितीमधल्या ‘की’ नावाच्या बौद्ध मठाचा फोटो आणला होता. सपाट उन्हात काढलेला, पण मठाच्या पायथ्याशी नांगरलेलं चिमुकलं शेत चौकटीत धरल्यामुळे तो डोंगर केवढा मोठा आहे ते एकदम लक्षात येत होतं.

मला सगळ्यात जास्त भिडले ते वेळासचे फोटो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी मिळून २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी सांभाळायला सुरुवात केली. पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात. आमची शाळेतली मैत्रीण मार्च-एप्रिलमध्ये तिथे जाऊन आली होती. वाळूत पिल्लाच्या वल्ह्यांसारख्या पायांनी उमटलेली दुहेरी नक्षी, आणि तिच्या टोकाशी फेसाची पहिली रेघ. तिने फ्लॅश वापरलेला नव्हता. पिल्लं पाण्याकडे वळतात ती समुद्रावरच्या उजळ क्षितिजाच्या अंदाजाने, मध्येच दुसरा दिवा चमकला तर त्यांची दिशा चुकते. त्यामुळे फोटो थोडा अंधारा आला होता, थोडा हललेलाही होता. पण तिने तो दाखवताना हे सगळं सांगितलं आणि त्या अंधाराचा अर्थ लागला.

यावरून जी चर्चा सुरू झाली ती पुढे काजव्यांवर घसरली आणि पाऊस थांबेपर्यंत चालली.

काजव्यांचे जे फोटो आपण सगळीकडे पाहतो त्यांत अख्खं झाड पिवळ्याहिरव्या ठिपक्यांनी भरलेलं असतं, जमिनीपासून शेंड्यापर्यंत. तसा फोटो कसा होतो ते आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उजेड असतानाच तिपाई घट्ट रोवायची, झाडावर फोकस करून तो मॅन्युअलवर टाकायचा. सूर्य मावळल्यावर निळसर उजेड उरतो तेव्हा झाडाची, जमिनीची एक फ्रेम घ्यायची. मग कॅमेऱ्याला हात न लावता पूर्ण अंधार होऊ द्यायचा. लेन्सचं छिद्र मोठं, एफ १.८ किंवा २.८. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, १६०० ते ३२००. पंधरा ते तीस सेकंदांची एकेक फ्रेम, लागोपाठ, कितीतरी वेळ. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे फोटोतले दाणे कमी करणारं सेटिंग, आठवणीने बंद करायचं, कारण ते चालू असेल तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ डोळे मिटून बसतो आणि तेवढ्यात चमकलेले काजवे हातचे जातात. घरी येऊन या सगळ्या फ्रेम एकावर एक रचायच्या आणि ब्लेंड मोड ‘लाइटन’ ठेवायचा. प्रत्येक ठिकाणी ज्या फ्रेममधला बिंदू सर्वांत उजळ आहे तोच टिकतो. तासाभरात जिथे जिथे काजवा चमकला ते सगळं एका चित्रात जमतं.

ही पद्धत मला चुकीची वाटत नाही. रात्रभर चाललेल्या गोष्टीचा हिशेब एका चौकटीत मांडणं हे फोटोग्राफीचंच काम आहे. माझा आक्षेप तो हिशेब न सांगता फोटो पुढे करण्याला आहे. बघणाऱ्याला वाटतं, तिथे गेलं की झाड असंच लखलखताना दिसेल. तो घरच्यांना घेऊन येतो, अंधारात उभा राहतो, त्याला समोर इथे एक, तिथे दोन असे ठिपके दिसतात. मग तो टॉर्च लावतो. आणखी आत कुठेतरी ‘ते’ झाड असेल म्हणून झुडपांत शिरतो. आणि काजव्यांचं नुकसान नेमकं यानेच होतं.

काजव्याचं चमकणं म्हणजे बोलावणं असतं. नर उडता उडता ठरावीक अंतराने चमकतो, मादी बहुतेक वेळा खाली गवतात किंवा झुडपात बसून उत्तर देते. मोटारीच्या दिव्यात, फ्लॅशच्या झोतात ते उत्तर दिसतच नाही. प्रौढ काजव्याच्या हातात फार तर दोनतीन आठवडे असतात, त्यातली एक रात्र वाया जाणं ही छोटी गोष्ट नाही. अंडी ओलसर मातीत घातलेली असतात, अळ्या त्याच मातीत वाढतात आणि गोगलगायी खाऊन मोठ्या होतात. आपण ज्या पाचोळ्यावरून चालत जातो त्यात पुढच्या वर्षीचे काजवे असतात. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. टॉर्च नको, फ्लॅश नको, आरडाओरडा नको, वाट सोडायची नाही, या सूचना तिथे दिल्या जातात त्या उगाच नव्हेत.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं. गावातले एक दादा वाट दाखवायला बरोबर आले. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर ही झाडं काजव्यांची, ती त्यांनी दिवसाच फिरून दाखवली होती. आम्ही वाटेच्या कडेलाच तिपाया लावल्या. कॅमेऱ्यांवरचे लुकलुकणारे लाल दिवे चिकटपट्टीने झाकले, पडद्यांचा उजेड अगदी कमी केला, फोकससाठी लागणारा दिवा बंद केला. कुणाचा तरी मोबाइल वाजला तेव्हा दादा म्हणाले, “खिशातच राहू द्या भाऊ. आता अर्धा घंटा काही बघू नका, मग बघा.”

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा मोबाइलचा पडदा पाहिला की ती सवय मोडते. आम्ही थांबलो. आधी सादड्याच्या खालच्या फांदीवर एक चमकला. मग त्याच्या वर दोन. पुष्कळ वेळ एवढंच. नंतर कधीतरी एका फांदीवरचे बरेचसे एका ठेक्यात पेटू-विझू लागले, आणि तो ठेका शेजारच्या फांदीवर गेला. थेट रोखून पाहण्यापेक्षा नजर थोडी बाजूला ठेवली तर मंद ठिपके जास्त दिसतात, कारण अंधारात पाहणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यापासून बाजूला जास्त असतात. हे मी शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी कुटुंबातल्या छोट्या मुलीला सांगितलं. तिने करून पाहिलं आणि तिच्या आजीलाही करायला लावलं.

एक काजवा माझ्या तिपाईच्या पायावर येऊन बसला. हातभर अंतरावर. चमकला की पोटाच्या शेवटच्या दोन खंडांवरचा फिकट पट्टा उजळायचा, आणि त्या उजेडात तिपाईवर कोरलेला आकडा वाचता येत होता. विझताना उजेड एकदम जात नव्हता, कडांकडून आत आक्रसत जात होता. ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याची ल्युसिफरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने प्राणवायूशी क्रिया होते आणि उष्णता जवळजवळ न होता प्रकाश पडतो, हे वाचलेलं असतं. तेच इतक्या जवळून घडताना पाहिलं तेव्हा फोटो घ्यायचं मनातही आलं नाही. दोन्ही हात मोकळे ठेवून नुसता पाहत राहिलो.

त्या रात्री सगळ्यांनी रचण्यासाठी भरपूर फ्रेम घेतल्या, मीही घेतल्या. पण सहलीतला सर्वोत्तम फोटो मला विचाराल तर डॉक्टरांचा. त्यांनी एकच फ्रेम ठेवली, वीस सेकंदांची. काळोखात सादड्याचं खोड जेमतेम ओळखू येतं, डावीकडे पाच-सहा ठिपके, आणि चौकटीच्या खालून उजवीकडे वर जाणारी उडत्या काजव्याची तुटक रेघ. चमक, अंतर, चमक, अंतर. त्या रेघेत त्याचा वेग आहे, ठेका आहे आणि अंधारही तेवढाच आहे. रचलेल्या फोटोत शेकडो रेघा एकमेकींवर पडतात आणि कुणाचा ठेका कुठला ते हरवून जातं.

जंगलातून वेळेत बाहेर पडून आम्ही मुक्कामी आलो आणि मध्यरात्रीनंतर पाण्याच्या काठी आकाशगंगेसाठी उभे राहिलो. अमावास्येला या दिवसांत वृश्चिक आणि धनु दक्षिणेला चांगल्या वर येतात, आकाशगंगेचा दाट भाग तिथेच. पश्चिमेकडे कल्याण-मुंबईच्या दिव्यांची पिवळट झाक क्षितिजावर दिसत होती. एकाने विचारलं, ती झाक फोटोतून काढून टाकू का? बरीच वादावादी झाली. माझं मत, ठेवावी. इथून शहर इतकं जवळ आहे, हेही त्या रात्रीच्या आकाशात होतंच.

शाळेतल्या मैत्रिणीला काजव्यांच्या फोटोखाली तांत्रिक माहिती लिहिणं पटत नाही. तिच्या मते त्याने बघणाऱ्याचा आनंद कमी होतो, आकडे ज्याला हवे असतील त्याने विचारावेत. मी तिला म्हटलं, आकडे सोड, एक ओळ पुरे. वेळासच्या पिल्लाचा फोटो दाखवताना तू जेवढं सांगितलंस तेवढंच. ती काही बोलली नाही, पण गावी परतल्यावर तिने आपला रचलेला फोटो आम्हा सगळ्यांना पाठवला तेव्हा खाली लिहिलं होतं: “रतनवाडीच्या वाटेवरचं सादड्याचं झाड. जवळपास पाऊण तासातले काजवे एकत्र केले आहेत. समोर उभं राहिलं तर एका वेळी पाच-दहा दिसतात. टॉर्च बंद ठेवून अर्धा तास थांबा.”