क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि वसुलीवाल्यांचे फोन : माझा अनुभव

कार्डाचं बिल थकलं की फोन सुरू होतात आणि माणूस सगळी ताकद त्या फोनना उत्तरं देण्यात घालवतो. मीही पहिले दोन महिने तेच केलं. पण थकबाकी मिटते ती बँकेशी झालेल्या लेखी व्यवहाराने. एजंटाशी फोनवर झालेल्या बोलण्याला पुढे कुठेच किंमत नसते. एप्रिल २०२४ ते जून २०२५ या काळात एक क्रेडिट कार्ड आणि ॲपवरून घेतलेलं एक पर्सनल लोन मिटवताना काय काय करावं लागलं, ते लिहितो.

सगळ्यात आधी देणं किती आणि कोणाचं ते कागदावर आणा. फोनवर सांगितला जाणारा आकडा दर वेळी वेगळा असतो. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव, थकीत रक्कम आणि किती दिवस थकलंय ते दिसतं. ॲपवरच्या कर्जाला हा रिपोर्ट फार उपयोगी पडतो, कारण ॲप हा नुसता चेहरा असतो. पैसे देणारी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) मागे असते आणि तक्रार तिच्याकडेच करायची असते.

मग कार्डाची गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं काढून मुद्दल, व्याज, लेट फी आणि जीएसटी वेगवेगळे मांडले. महिना साडेतीन टक्के व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर एक लाखावर दरमहा ३,५०० अधिक ६३०, म्हणजे ४,१३० रुपये नुसते चढतात. माझी १,१२,००० ची थकबाकी दहा महिन्यांत १,६८,४०० झाली ती अशी. इथे एक गोष्ट तपासायचीच. न भरलेली फी आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत मनाई आहे. स्टेटमेंटमध्ये तसं झालेलं दिसलं, तर महिन्यासकट दाखवून हिशेब मागा.

तुमची थकबाकी अजून ९० दिवसांच्या आत असेल, तर पुढचं वाचण्याआधी बँकेला मेल करून शिल्लक रक्कम कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मागा. नव्वद दिवसांनंतर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी थकीत कर्ज होतं आणि मग बोलणी वसुली विभागाशी करावी लागतात. माझी ही वेळ हातची गेली आणि तीच सगळ्यात महाग पडली.

आता फोन. १२ ऑगस्ट २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. सतत फोन करणं, धमकी देणं, चारचौघांत अपमान करणं, नातेवाईक-मित्रांना त्रास देणं, खोटी माहिती सांगणं या सगळ्यालाही त्यात मनाई आहे. पण नियम फोनवर ऐकवून उपयोग होत नाही, नोंद ठेवली तरच तो कामाला येतो. मी शंभर पानी वहीत रकाने आखले : तारीख, वेळ, नंबर, बोलणाऱ्याचं नाव, एजन्सी, कोणत्या खात्यासाठी, काय म्हणाला. एक ओळ अशी होती : ‘१४ जून, रात्री ८.४०, नाव सांगितलं नाही, “उद्या पोलीस घेऊन येतो”.’ पुढे तक्रारीत हीच ओळ जशीच्या तशी गेली. कॉल रेकॉर्डिंग आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉटही तारखेच्या नावाने जपा.

फोन उचलला की माझी वाक्यं ठरलेली असत. “तुमचं नाव आणि एजन्सी सांगा. बँकेने तुम्हाला नेमल्याचं पत्र मेल करा. माझं जे म्हणणं आहे ते मी बँकेला लेखी दिलंय.” एवढं बोलून फोन ठेवायचा. तारीख द्यायची नाही. “शुक्रवारपर्यंत बघतो” असं म्हटलं की शुक्रवारी दहा फोन येतात आणि शब्द मोडल्याची नोंद तुमच्या नावावर होते. एजंटाचं नाव आणि संपर्क कार्डधारकाला आधी कळवणं हे कार्ड देणाऱ्याचंच काम आहे, त्यामुळे पत्र मागण्यात संकोच बाळगू नका.

पोलिसांच्या धमकीबद्दल. कार्डाचं किंवा बिनतारण कर्जाचं बिल न भरता येणं ही दिवाणी बाब आहे, त्यासाठी अटक होत नाही. मात्र तुम्ही दिलेला चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ आणि बँकेचा ऑटो-डेबिट परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागू शकतं. तिथे मागणीची नोटीस आल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. म्हणून दबावाखाली पुढच्या तारखेचा चेक कधीही लिहून देऊ नका.

घरी एक जण आला तेव्हा मी दारातच ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागितलं, दोन्हींचा फोटो काढला आणि बँकेला मेल केल्याची प्रत दाखवली. तो पाच मिनिटांत गेला. ओळखपत्र नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. रोख रक्कम कोणालाच द्यायची नाही. शिवीगाळ किंवा जबरदस्तीने आत घुसणं झालं तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. निदान एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) तरी नोंदवून तिची प्रत घ्या. पुढच्या तक्रारीला तिचं वजन येतं.

तक्रारीचा क्रम चुकला की ती फेटाळली जाते. आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे, मग नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे बँकेने तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तक्रार क्रमांक घ्यायचाच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रारींच्या पोर्टलवर, फुकट. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. बँकेकडे आधी न जाता थेट केलेली किंवा वकिलामार्फत पाठवलेली तक्रार चालत नाही. माझी बँकेकडची पहिली तक्रार दोन पानांची, नुसत्या त्राग्याने भरलेली होती. तिला छापील उत्तर आलं. दुसरी एका पानाची होती : अकरा फोन, प्रत्येकाची तारीख-वेळ, त्यातले चार ७ नंतरचे, दोन माझ्या ऑफिसच्या नंबरवर, सोबत पुरावे, आणि शेवटी दोन मागण्या : फोन थांबवा, मला लेखी हिशेब द्या. आणखी एक वाक्य घातलं होतं. कर्जदाराची तक्रार निकाली निघेपर्यंत बँकेने ते प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या २००८ च्या सूचनांत आहे. नवव्या दिवशी ऑफिसचे फोन बंद झाले.

नोटिसा वेगवेगळ्या असतात आणि घाबरवण्याच्या नादात त्या एकाच सुरात वाचून दाखवल्या जातात. वकिलाची नोटीस म्हणजे मागणी. तिला मुदतीत स्पीड पोस्टने उत्तर द्या आणि पोच जपा. लोकअदालतीची दावापूर्व नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं. ते वॉरंट नाही, पण तिथे सही केली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. झेपेल तेवढ्याच आकड्यावर सही करा. लवादाची (कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्याची) नोटीस मात्र कधीच बाजूला टाकू नका. वादाच्या निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याला एकमेव लवाद परस्पर नेमता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय. ही हरकत पहिल्याच उत्तरात लेखी घ्या, कारण गप्प बसलात तर एकतर्फी निवाडा होतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

जुन्या कर्जाबद्दल एक सावधगिरी. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. त्या मुदतीच्या आत लेखी कबुली दिली किंवा थोडेसे पैसे भरून तशी नोंद राहिली, तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. “नुसते ५०० टोकन भरा, फोन थांबतील” हे आमिष म्हणूनच ओळखा. फोन तर थांबत नाहीतच.

सेटलमेंटला, म्हणजे कमी रकमेत खातं मिटवण्याच्या बोलणीला, मी पैसे हातात आल्यावरच बसलो. कार्डासाठी बँकेकडून पहिला आकडा १,३५,००० चा आला. मी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि नोकरी सुटल्याचं पत्र जोडून ८०,००० लिहिले. तीन मेलनंतर ९८,००० वर ठरलं : ४०, ३० आणि २८ हजार. महिनाअखेरीला बोलणी सैल होतात, असं मला दोन्ही खात्यांच्या वेळी दिसलं. पण पत्र आल्याशिवाय एक रुपया भरला नाही. पत्र बँकेच्या लेटरहेडवर आणि बँकेच्या मेलवरूनच यायला हवं. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, एकूण थकबाकी, ठरलेली रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि ‘यानंतर काहीही देणं शिल्लक राहणार नाही’ हे वाक्य हवं. मला आलेल्या पहिल्या पत्रात हे वाक्यच नव्हतं. ते घालून घ्यायला आठ दिवस गेले, पण घालून घेतलं. पत्र खरं आहे का, हे कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून विचारलं. पैसे थेट कार्डाच्या खात्यात भरले, एजंटाने पाठवलेल्या यूपीआय आयडीवर नाही. तारीख एक दिवसाने हुकली तरी सवलत रद्द होऊ शकते, म्हणून प्रत्येक हप्ता तीन दिवस आधी.

सूट घेतली की रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ लागतं आणि पुढे गृहकर्ज मागताना बँका तिथे अडतात. वर्ष-दोन वर्षांत घराचं कर्ज हवं असेल आणि मुदत मिळत असेल, तर पूर्ण रक्कम हप्त्यांनी फेडा. मला तेवढं झेपणारं नव्हतं.

शेवटच्या हप्त्यानंतर नो ड्यूज सर्टिफिकेट मागून घेतलं आणि ४५ दिवसांनी रिपोर्ट पुन्हा काढला. कार्डाचं खातं बरोबर दिसत होतं, एनबीएफसीचं अजून थकीतच होतं. रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या पोर्टलवर दुरुस्तीची तक्रार टाकली. ३० दिवसांत ती सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. माझी नोंद एकविसाव्या दिवशी सुधारली. नंतरही एकदा दुसऱ्याच एजन्सीचा त्याच कार्डासाठी फोन आला, जुनी यादी घेऊन. मी सर्टिफिकेट आणि सेटलमेंटचं पत्र बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवलं आणि त्या एजन्सीला प्रत लावली. त्या नंबरवरून पुन्हा फोन आला नाही. ती दोन्ही कागदपत्रं फाइलमध्ये सगळ्यात वर आहेत, आणि मोबाइलमध्येही.