काटा जागचा हलला नाही

काकांचा फोन आला तेव्हा मी एका टेम्पोखाली क्लच उतरवत होतो. "डाव्या पुढच्या चाकाची डिस्क उघडून ठेवलीय. सामान काही आणू नको, नुसता ये," एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. ब्रेकच्या त्या डिस्का, चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळ्या, मीच बसवल्या होत्या. एकदा नाही, दोनदा.

मी चिपळुणात १९ वर्षं गॅरेज चालवतो. काका मुंबईकडच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे अवजारं-साचे बनवायच्या विभागात होते, निवृत्त झाल्यावर गुहागर रस्त्यावरच्या गावात घरी परतले. २०२२ साली त्यांनी एक जुनी हॅचबॅक घेतली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्यांतली ती एक. विकणाऱ्यानं नवी सीट कव्हरं घातली, पॉलिश मारलं आणि पुराचं नावही काढलं नाही. मला कळलं ते सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर, पट्ट्यावर राहिलेल्या चिखलाच्या रेघेवरून. पूर कुणाच्या हातात नव्हता. पण बुडालेली गाडी न सांगता म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात मारणं मला आजही सहन होत नाही.

तक्रार अशी की ८० च्या पुढं ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं आणि पायाखाली पेडल धडधडायचं. २०२३ मध्ये मी पुढच्या दोन्ही डिस्का आणि त्यांना दाबून धरणारे पॅड बदलले. टेस्ट मारली, गाडी एकदम गुळगुळीत थांबली. सात-आठ महिन्यांनी तेच सुरू झालं. मी म्हटलं, कुंभार्ली घाट उतरताना तुमचा पाय ब्रेकवर राहत असणार, डिस्क तापून वाकली. काका म्हणाले, "मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो रे." मी ते नुसतं ऐकून घेतलं. २०२४ ला परत नव्या डिस्का, परत गुळगुळीत टेस्ट. आणि दिवाळीनंतर हा फोन.

गेलो तर गाडी खळ्यात उभी. सारवलेल्या जमिनीत जॅक रुततो म्हणून त्यांनी खाली फणसाच्या लाकडाची जाड फळी टाकली होती, गाडीचा भार जॅकवर न ठेवता लोखंडी घोडीवर (स्टँडवर) घेतला होता आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे तुकडे लावले होते. माझ्या गॅरेजमधली पोरं शंभरदा सांगून एवढं करत नाहीत. चाक आणि कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, काढलेला, पण कॅलिपर ब्रेकच्या नळीला लोंबकळत सोडलेला नाही, तारेनं स्प्रिंगला बांधलेला. डिस्क चाकाच्याच नटांनी, खाली वायसर घालून हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर, घट्ट आवळलेली. आणि नकलला, म्हणजे हब ज्यात फिरतो त्या न फिरणाऱ्या भागाला, चुंबकाच्या स्टँडनं चिकटवलेलं डायल गेज, काट्यानं बारीक फरक मोजणारं घड्याळासारखं साधन. ४० वर्षांपूर्वीचं असेल, पण काच स्वच्छ.

"फिरव," म्हणाले. मी डिस्क हातानं सावकाश फिरवली. काटा शून्यावरून निघाला, चौदाव्या रेघेपर्यंत गेला आणि परत आला. एक रेघ म्हणजे ०.०१ मिलिमीटर. डिस्कच्या कडेजवळ ०.१४ चा डगमगा. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक गाड्यांना ०.१ च्या आत पाहिजे, आणि जितका कमी तितकं बरं. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी ०.०७ च्या आसपास धरा, म्हणजे दोन केसांएवढा फरक.

मी लगेच म्हटलं, "डिस्क वाकलीय." खरंच तसं वाटलं मला.

काकांनी उत्तर दिलं नाही. डिस्क जिथं सर्वांत पुढं येत होती तिथं खडूनं खूण केली, तशीच खूण तिच्या समोर हबच्या बोल्टवर केली. मग नट सोडून डिस्क अर्धा फेरा फिरवली, म्हणजे दोन भोकं पुढं, आणि परत आवळली. "आता बघ. खोट डिस्कची असेल तर उंचवटा डिस्कबरोबर जाईल." मी फिरवली. डिस्कवरची खूण खाली गेली होती, पण काटा चौदाला गेला तो हबवरच्या खुणेपाशीच. मग डिस्क पूर्ण काढून त्यांनी गेजचं टोक थेट हबच्या तोंडावर टेकवलं. ०.०७. हबच्या मध्यापासून साधारण ६० मिलिमीटरवर ०.०७, तर डिस्कच्या कडेला, दुप्पट अंतरावर, त्याची दुप्पट. हिशोब तंतोतंत जुळला. डिस्क निर्दोष होती. तिच्याआधीच्या दोन्ही जोड्याही निर्दोषच असणार.

तिथं पडवीच्या पायरीवर बसून मला जे उमगलं ते इथं नीट सांगायला हवं, कारण एवढी वर्षं काम करूनही मी ते कधी जोडून पाहिलं नव्हतं. एवढासा डगमगा ब्रेक दाबल्यावर लगेच जाणवत नाही. कॅलिपर पिनांवर सरकतो, तो ते सांभाळून घेतो. त्रास होतो तो पाय ब्रेकवर नसताना. चाकाच्या दर फेऱ्याला डिस्कचा तोच उंचवटा पॅडला निसटता घासून जातो आणि तेवढीच जागा झिजत जाते. चार-पाच हजार किलोमीटरनंतर डिस्क एका ठिकाणी पातळ, बाकी जाड होते, आणि मग ब्रेक दाबला की पॅड त्या जाड-पातळावर उड्या मारतो. म्हणून नवी डिस्क टाकली की गाडी छान वाटते. म्हणून माझी प्रत्येक टेस्ट पास झाली. "डिस्क वाकली" हे आम्ही सगळे मिस्त्री सर्रास बोलतो, आणि लेथवर फेसिंग मारून (घासून सपाट करून) किंवा नवी टाकून मोकळे होतो. डिस्क ज्या तोंडावर बसते ते तोंड कुणी मोजत नाही. मी तर वायर ब्रशनं गंजसुद्धा वरवरच काढला होता.

हबच्या मागं हातोड्याचे घाव होते. पुराच्या पाण्यानं बेअरिंग गेलं असणार, आणि मधल्या कुणीतरी ते बदलताना हब ठोकून बाहेर काढला. ते काम माझं नव्हतं. पण त्या घावांवर मी दोनदा डिस्क चढवली होती.

हब आणि बेअरिंग दोन्ही बदलायचं ठरलं. बेअरिंगला आवाज नव्हता, तरी हब प्रेसनं (दाबयंत्रानं) बाहेर निघताना बेअरिंगची आतली रिंग त्याच्याबरोबर उपसून येते. ते परत वापरता येत नाही. दुसऱ्या दिवशी चाक आणि कॅलिपर परत चढवून गाडी खाली उतरवली, काकांना ब्रेक दाबून बसवलं, एक्सल नटाची ठोकलेली कड छिन्नीनं उचलली आणि नट सैल केला. स्ट्रटच्या (चाकावरच्या शॉकॲब्सॉर्बरच्या) बोल्टवर खुणा करून ठेवल्या, नाहीतर चाकाचा कोन बिघडतो. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, सेन्सर मात्र गंजानं इतका धरला होता की त्यालाच अर्धा तास गेला. ओढून काढला असता तर तुटलाच असता. नकल सुटल्यावर गोणपाटात गुंडाळली आणि काका ती मांडीवर घेऊन माझ्या मोटरसायकलवर मागं बसले. घरी प्रेस नाही, आणि हातोडा मी लावणार नव्हतो.

प्रेसवरचं काम मला येतं आणि त्याचा मला अभिमान आहे. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. हब बेअरिंगमध्ये दाबताना खालून आधार आतल्या रिंगला हवा. उलटं केलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो, रिंगेवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग महिन्याभरात घोंघावायला लागतं. त्यासाठी मी पाच मापांच्या नळ्या कापून ठेवल्यात. काका स्टुलावर बसून बघत होते. नवं बेअरिंग हातात घेऊन मी त्यांना विचारलं, "कुठली बाजू आत जाईल?" त्यांना सांगता आलं नाही. मी एक टाचणी दोन्ही बाजूंना लावून दाखवली. एका बाजूला चिकटली. त्या बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची पट्टी असते, एबीएसचा सेन्सर तीच वाचतो. ती उलटी गेली तर डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही. काकांनी टाचणी माझ्याकडून घेतली आणि स्वतः दोनदा लावून पाहिली.

खळ्यात परत जोडणी केली तेव्हा ऊन उतरलं होतं. नवा एक्सल नट टॉर्क पान्यानं ठरल्या जोरानं आवळेपर्यंत चाक जमिनीला टेकू दिलं नाही. नट सैल असताना गाडीचा भार आला, ती चार फूट जरी ढकलली, तरी नवं बेअरिंग खराब होऊ शकतं. मग नव्या डिस्का, आणि परत गेज. यावेळी मी स्वतः लावलं. काटा दोन रेघा हलला. ०.०२. उजवीकडं ०.०३. चाकाचे नट मशीनची गन न लावता पान्यानं, समोरासमोरचे आवळले. संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा-बारा वेळा ब्रेक मारून पॅड डिस्कवर नीट बसते केले.

मजुरी घेतली नाही. आधीच्या दोन वेळची मजुरी मी पाकिटात घालून आणली होती, ती काकांनी घेतली नाही. "आत्ता गुळगुळीतच थांबणार ती. आधीही थांबत होती. पाच हजार होऊ देत, मग बघू," म्हणाले आणि मीटरचा आकडा पडवीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. मीही माझ्या वहीत लिहिला.

डायल गेज मी त्याच आठवड्यात मागवलं. वही चाळली तर गेल्या तीन वर्षांत अकरा गाड्यांना मी डिस्का बदलल्यात, त्यांतल्या चार गाड्या एका वर्षाच्या आत परत आल्या होत्या. या चारही जणांना तेव्हा मी सांगितलं होतं की तुम्ही घाटात ब्रेक नीट वापरत नाही. तिघांना फोन लावून गाडी आणायला सांगितलंय, हब मोजून देतो, पैसे नकोत. चौथ्यानं गाडी विकली. घेणाऱ्याचा नंबर त्याच्याकडं आहे का, ते विचारलंय.

काकांच्या गाडीचे काल १,८०० किलोमीटर झाले.