परत मिळालेली रजा

रजेवर असताना आजारी पडलात तर ते दिवस रजेत धरले जात नाहीत. डॉक्टरचं प्रमाणपत्र द्यायचं, तेवढी रजा खात्यात परत जमा होते. जर्मनीतला हा नियम माझ्या कानावरून कधीतरी गेला होता, पण तो माझ्यासाठीही आहे हे गेल्या उन्हाळ्यात कळलं आणि तेव्हापासून याच्यावर लिहायचं मनात आहे.

झालं असं, की आम्ही बाल्टिक समुद्रातल्या रूगेन बेटावर गेलो आणि दुसऱ्याच दिवशी मला सणसणून ताप भरला. लेक आणि नवरा समुद्रावर, मी भाड्याच्या खोलीत पडून. वर्षभर वाट पाहिलेली सुट्टी डोळ्यांदेखत वाया चालली होती. ऑफिसातल्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सहज मेसेज केला, फक्त रडगाणं गायला. त्यांचं लगेच उत्तर आलं, "आजच तिथल्या डॉक्टरकडे जा, कागद घे. तापात पडून विश्रांती होत नाही, मग ती रजा कशी?" मला ते पटेना. मी काही ऑफिसात नव्हते, काम चुकवत नव्हते, मग कंपनीने दिवस परत का द्यावेत? उगाच आपण काहीतरी उपटतोय असं वाटलं. नवऱ्याने जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, औषध लिहून दिलं आणि मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "नोकरी करता ना? सुट्टीवर आहात? मग प्रमाणपत्र पाठवते." आता ते कागदावर द्यावंही लागत नाही. डॉक्टरकडून ते थेट विमा संस्थेकडे जातं आणि कंपनी तिथून बघते.

परत कामावर गेले तर रजेच्या खात्यात ते दिवस जमा झालेले. कोणी काही विचारलं नाही. "बरी आहेस ना?" एवढंच.

मी मग तो कायदा शोधून वाचला. १९६३ चा आहे. वर्षाला किमान चोवीस दिवस भरपगारी रजा, पण त्यात शनिवारही कामाचा दिवस धरलेला आहे, म्हणजे हिशेबाने चार आठवडे. बहुतेक ठिकाणी करारामुळे याहून जास्त मिळते. ही रजा शक्यतो सलग द्यावी, त्यातले निदान दोन आठवडे तरी एकत्र असावेत असं त्यात लिहिलं आहे. रजेत दुसरीकडे पैसे कमावणारं काम करायचं नाही, कारण रजा विश्रांतीसाठी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नोकरी चालू असताना या रजेचे पैसे मिळत नाहीत. रजा घ्यायचीच. शिवाय नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपियन न्यायालयाने असा निकाल दिला, की कर्मचाऱ्याने अर्ज केला नाही एवढ्या कारणावरून त्याची रजा बुडत नाही. तुझी इतकी रजा शिल्लक आहे, ती घे, नाहीतर जाईल, हे मालकाने त्याला वेळेवर आणि स्पष्ट सांगितलं पाहिजे. म्हणून आमच्याकडे पावसाळी शरद सुरू झाला, की प्रत्येकाला पत्र येतं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा मी घाबरले होते. पत्र म्हटलं की काहीतरी चुकलं असणार, हीच आपली सवय. त्यात लिहिलं होतं, उरलेली रजा कधी घेणार ते कळवा.

हे वाचून मला सारखे बाबा आठवत राहिले.

बाबा राज्य सरकारच्या नोकरीत होते. अर्जित रजा साठवायची आणि निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतचे पैसे घ्यायचे, हे त्यांच्या पिढीचं ठरलेलं गणित. ताप आला तरी बाबा किरकोळ रजेवर भागवायचे, अर्जित रजेला हात लावायचे नाहीत. ती रक्कम पुढे घराच्या कर्जात गेली. मी आज या देशात बसून "बाबांनी कधी स्वतःसाठी वेळ काढला नाही" असं म्हणणं सोपं आहे, आणि माझ्या ओळखीचे बरेच जण तसं म्हणतातही. मला ते मान्य नाही. ज्यांच्याकडे साठवण्यासारखं दुसरं काही नव्हतं त्यांनी दिवस साठवले. त्या दिवसांवर आम्ही शिकलो.

आणि फिरलो नाही असंही नाही. चार वर्षांतून एकदा महाराष्ट्र दर्शनाची रजा प्रवास सवलत मिळायची. माझ्या सगळ्या आयुष्यातली सर्वांत लख्ख सुट्टी तीच, वेरूळ-अजिंठ्याची. लाल एसटी, खिडकीशी बसण्यावरून भावाशी मारामारी, आणि बाबांच्या शर्टाच्या खिशातली ती छोटी डायरी. प्रत्येक तिकीट कंडक्टरकडून घेतलं, की बाबा ते सरळ करून डायरीच्या पानांत ठेवायचे, वर तारीख आणि कुठून कुठे ते पेन्सिलीने लिहायचे. बिल सादर करायचं असायचं ना. वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात आम्ही वर माना करून उभे, आणि बाबा सांगताहेत, "हे खालून वर बांधलेलं नाही रे, वरून खाली कोरत आणलंय. एक घाव चुकला असता तर दुरुस्ती नाही." त्यांनी ते आधी कुठेतरी वाचून ठेवलं होतं, आम्हाला सांगायला. सरकारी कारकुनाने चार वर्षं वाट पाहून आखलेली ती सहल होती आणि तिच्यात एकही तास फुकट गेला नव्हता.

तेव्हा इथले लोक जेव्हा मला विचारतात, "तुमच्याकडे लोक फारसे फिरत नाहीत का?" तेव्हा मला राग येतो. मुंबईहून शनिवारी रात्री कसारा किंवा कर्जतची शेवटची लोकल पकडून लोक निघतात, अंधारात चालायला लागतात, रविवारी कळसूबाई नाहीतर राजमाची करून रात्री घरी येतात आणि सोमवारी सकाळी वेळेवर पंच करतात. नोकरीतली एक दिवसाचीही रजा न घेता. मी स्वतः ते केलंय, पायाला फोड घेऊन सोमवारच्या मीटिंगला बसले आहे. नवीन कॅलेंडर घरात आलं, की कुठली सुट्टी शुक्रवारी पडतेय, कुठली सोमवारी, जोडून किती मिळतात, हे सगळ्यात आधी बघणारी माणसं आपण. इथेही तेच चालतं म्हणा. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण दरवर्षी गुरुवारीच येतो, मग शुक्रवारची रजा मिळवायला जानेवारीतच झुंबड उडते.

फरक एवढाच, की आपल्याकडे वेळ काढणं ही ज्याची त्याची हिकमत असते. इथे ती मालकाची जबाबदारी आहे. कायदे आपल्याकडे नाहीत असं नाही. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे, वर आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे, ४५ दिवसांपर्यंत साठवायची सोय आहे. पण माझा धाकटा भाऊ पुण्यात आयटीत आहे. त्याची रजा मंजूर होते आणि मग "जरा लॅपटॉप बरोबर ठेव" असं सांगितलं जातं. गोकर्णच्या समुद्रावर त्याने कॉल घेतलेत. माझ्या साहेबांनी मला रजेत एकदाही फोन केलेला नाही. माझं काम कोणाकडे आहे हे आधीच ठरलेलं असतं, आणि त्या माणसाचं काम त्याच्या रजेत मी करते. एवढी साधी गोष्ट आपल्याला का जमू नये हे मला खरंच कळत नाही.

तरी इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. वर्षभराच्या रजेचा तक्ता हिवाळ्यातच भरावा लागतो. शाळेच्या सुट्ट्यांत ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना आधी पसंती. माझ्या लेकीची शाळा सुरू व्हायच्या आधी मामेबहिणीच्या लग्नाची तारीख दोन महिन्यांवर निघाली, मुहूर्त काय ऑफिसच्या तक्त्याला विचारून निघतो का? ते आठवडे आधीच वाटले गेले होते. लग्न मी व्हिडिओवर बघितलं. आता लेक शाळेत गेल्यापासून दुसरा त्रास. शाळा चालू असताना मुलांना फिरायला नेणं इथे कायद्याविरुद्ध आहे, दंड होतो. २०१८ मध्ये बव्हेरियात सुट्टी लागायच्या आधी विमानतळांवर पोलिसांनी शाळेच्या वयाची मुलं घेऊन निघालेल्या कुटुंबांची चौकशी केली होती. उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवडे असते आणि प्रत्येक राज्याची वेगळ्या तारखांना, म्हणजे सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर येत नाही. ही व्यवस्था शहाणपणाची आहे. पण ती सुट्टी येते आपल्या ऐन पावसात. लेकीने आंब्याच्या दिवसांतलं आजोळ अजून पाहिलेलं नाही, आणि याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं इथल्या थंडीचंसुद्धा वाटत नाही.

आणि एक गोष्ट मी इथे कोणाला समजावू शकले नाही. आजी गेली तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "अर्जाचं नंतर बघू, तू आधी निघ." त्यांनीच गाडीची सोय केली. तेरावं झाल्यावर मी परत आले, तेव्हा टेबलावर माझं काम कोणीतरी पुरं करून ठेवलेलं होतं. नियमात ते कुठेच बसत नव्हतं. इथे अशा वेळी मिळणारी खास रजा साधारणपणे आईवडील, जोडीदार, मुलं यांच्यासाठी असते, आजीसाठी नाही. नियम चांगले असले तरी त्यांच्या चौकटीत कोण बसतं हे नियम करणाराच ठरवतो.

तर ते परत मिळालेले दिवस. ते आम्ही सप्टेंबरात एका शनिवार-रविवारला जोडून घेतले आणि उत्तर समुद्राकाठच्या कुक्सहाफनला गेलो. तिथून नॉयवेर्क नावाचं बेट सुमारे दहा किलोमीटरवर आहे. ओहोटीला समुद्र मागे हटतो आणि त्या बेटावर चालत जाता येतं. हा उथळ किनारा २००९ पासून जागतिक वारसा आहे, नॉयवेर्कभोवतीचा भाग त्यात २०११ मध्ये आला. अनवाणी निघालो. पायाखाली कुठे घट्ट, लाटांच्या रेघा उमटलेली वाळू, कुठे घोट्यापर्यंत गिळणारा काळा चिखल. जिथे तिथे वाळूच्या शेवयांसारख्या बारीक गुंडाळ्या. जमिनीत राहणारे किडे वाळू गिळतात आणि ती अशी वर टाकतात. रस्ता दाखवायला काटक्यांचे जुडगे रोवलेले, आणि अधूनमधून उंच खांबांवर शिडीचे पिंजरे, भरतीत अडकलात तर चढून बसायला. मधल्या ओहळांत पाणी मांडीपर्यंत आलं, तेव्हा लेकीला नवऱ्याने खांद्यावर घेतलं. शेजारून घोड्यांच्या उंच गाड्या चालल्या होत्या.

मी लेकीला म्हटलं, असंच आपल्याकडे आहे. अलिबागला कुलाबा किल्ला आहे, कान्होजी आंग्र्यांचा. ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जातात, घोडागाडीही जाते, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे. "मग आपण तिथे का नाही गेलो?" ती म्हणाली. त्या वेळी मी तिला बेटावरचा मनोरा दाखवला. चौदाव्या शतकातला आहे, हॅम्बुर्गमधली उभी असलेली सर्वांत जुनी इमारत. नॉयवेर्क इतकं लांब असूनही हॅम्बुर्ग शहराच्या हद्दीत मोडतं. संध्याकाळी भरती आल्यावर आम्ही जिथून चालत आलो होतो त्यावरूनच बोटीने परत गेलो. पूर्ण वेळ फोन बंद होता.

आईला फोटो पाठवले. ती म्हणाली, "छान आहे गं. एवढी रजा होती तर इकडे यायचं होतंस." हे ऐकावं लागणार हे मला माहीत होतं, आणि माझं उत्तर तयार आहे, जे मी तिला पूर्ण कधी दिलेलं नाही. त्या चार दिवसांत भारतात येणं होत नाही. आणि येते तेव्हा ती रजा नसते. बँकेतलं केवायसी, बाबांच्या डोळ्यांची तपासणी, राहिलेली लग्नं-बारशी, भेटलं नाही तर रागावणारी अर्धा डझन घरं. ते सगळं मला हवं असतं, एकही घर गाळायचं नसतं. पण तिथून मी थकून परत येते आणि सोमवारी कामाला बसते. आम्हा तिघांनाही एकमेकांबरोबर काही न करता बसायला वर्षातून थोडे दिवस लागतात. ते मी घेते आणि घेत राहणार. घरी जायची मोठी रजा वेगळी ठेवलेली असते, तिला मी कधी हात लावत नाही. हे बहुधा बाबांकडूनच आलंय.

आता भावाला इकडे बोलावलं आहे, मे महिन्यात, बाबा-आईंना घेऊन. बाबांना नॉयवेर्कला चालत जायचंय, ओहोटीच्या वेळा त्यांनी माझ्याकडून मागवून डायरीत उतरवून घेतल्या आहेत. व्हिसाच्या अर्जाला भावाचं कंपनीकडून रजा मंजुरीचं पत्र लागतं. त्याने तीनदा आठवण केली, त्याचे मॅनेजर म्हणतात, सॉफ्टवेअरचं रिलीज झाल्यावर बघू. बाबा काल मला फोनवर म्हणाले, "त्याला सांग, अर्ज लेखी दे आणि पोच घे."