आमची वाटचाल : जुन्या गाड्यांची शेड, जमिनीपासून वर

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमची शेड आहे. काम एकच : जुन्या गाड्या उघडायच्या, पत्रा, इंजिन, वायरिंग नीट करायचं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. प्रीमियर पद्मिनी, तिच्या आधीची फियाट ११००, अ‍ॅम्बॅसेडर, स्टँडर्ड हेरल्ड, विलिस जीप, अधूनमधून एखादी लांबलचक अमेरिकन. वर्कशॉप टप्प्याटप्प्यानं उभं राहिलं. स्वतःची शेड बांधू पाहणारे बहुतेक जण आधी विचारतात, गाडी उचलायची लिफ्ट कुठली घेतली? हा प्रश्न पाचवा हवा. लिफ्ट, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन उद्याही बदलता येतं. फरशी, उंची आणि विजेचा लोड एकदा ठरला की ठरला. आम्ही पैसा त्याच क्रमानं घातला.

पहिला हिशेब जागेचा. पद्मिनी ३.९ मीटर लांब, १.४६ मीटर रुंद, अ‍ॅम्बॅसेडर ४.३ मीटर आणि १.६६ मीटर. न उघडलेल्या गाडीला ११ बाय २० फुटांचा गाळा पुरतो, म्हणून लोक ४० बाय ६० च्या शेडमध्ये आठ गाड्या मोजतात. चार धरा. गाडी उघडली की चार दरवाजे, बॉनेट, डिकी, सीट, काचा, इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल यांना गाडीइतकीच जागा लागते, आणि तीही महिनोन्‌महिने. काचा आडव्या ठेवायच्या नाहीत, फेल्ट लावलेल्या लाकडी खाचेत उभ्या. दरवाजा खालच्या कडेवर टेकवून उभा केला तर त्याच कडेचा रंग उडून गंज धरतो, म्हणून दरवाज्यांना टांगायचे आकडे. नट-बोल्ट गाडीच्या भागाप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत, आत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी. मार्करची शाई थिनर लागला की जाते. मांडण्या पहिल्याच दिवशी लागतात. बजेटमध्ये मात्र त्या शेवटी येतात.

फरशी. मुरूम रोलरनं दाबून, सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (सळईविना काँक्रीट), त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आणि वर ६ इंच एम-२५ प्रतीचं ट्रिमिक्स, म्हणजे जादा पाणी ओढून घेतलेलं काँक्रीट. प्लास्टिक कागद वाचवायला जाऊ नका. जमिनीतली ओल काँक्रीटमधून वर येते आणि खाली ठेवलेल्या उघड्या पत्र्यावर रातोरात लाली धरते. लिफ्टचे दोन खांब जिथं येणार तिथं ४ बाय ४ फुटांचा, १२ इंच जाडीचा सळईचा पॅड फरशीबरोबरच ओतून घ्यायचा. नंतर तोडून केलेला पॅड बाजूच्या काँक्रीटशी एकजीव होत नाही. फरशीला कटरनं जे सांधे मारतात ते खांबाच्या बेसप्लेटखालून जाऊ द्यायचे नाहीत; कॉन्ट्रॅक्टर दोरी धरून सरळ रेघ मारत जातो, त्याला नकाशा हातात द्यावा लागतो. अँकर बोल्ट २८ दिवसांचं क्युरिंग झाल्यावरच. आणखी एक : सगळ्या शेडला उतार देऊ नका. उतार फक्त धुण्याच्या गाळ्याला, १०० ला १. ज्या गाळ्यात बॉडी मोजायची तो पाणपातळीत हवा, नाहीतर गाडी वाकडी की फरशी वाकडी हेच कळत नाही.

पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा, आम्ही केलाच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात उतरून बसते. जुन्या गाडीची टाकी, पाइप, कार्ब्युरेटर कुठं ना कुठं गळत असतोच. त्यात हँडलॅम्प फुटला की झालं. शिवाय आमच्याकडे जुलैत जमिनीतलं पाणी पिटमध्ये पाझरतं. पिट आधीपासून असेल तर तळाशी हवा ओढणारा पंखा (मोटर बाहेर), २४ व्होल्टचे दिवे आणि वापरात नसताना फळ्या, एवढं तरी हवंच.

उंचीचं गणित सोपं आहे. दोन खांबी लिफ्ट चाकं साधारण १.८ ते १.९ मीटर उचलते, अ‍ॅम्बॅसेडर स्वतः १.६ मीटर उंच. झाले साडेतीन मीटर. त्यावर ट्यूबलाइट, पाइप, पंखा. म्हणून ट्रसची खालची कड १४ फुटांवर. लिफ्ट ४ टनांची घेतली. वजनासाठी नव्हे, बाहूंच्या लांबीसाठी. आणि बाहू सिलखाली लावायचे नाहीत. जुन्या पद्मिनीची सिल, म्हणजे दरवाजाखालची पोकळ पेटी, बाहेरून रंगीत आणि आतून चाळण असते. बाहू पुढं क्रॉसमेंबरखाली (गाडीखालचा आडवा दांडा), मागं पाटा-स्प्रिंगच्या हँगरजवळ.

छपराचा पत्रा पहाटे घामेजतो आणि ते थेंब बरोबर बॉनेटवर पडतात. पत्र्याखाली इन्सुलेशन टाकलं तर हे थांबतं. उन्हाळ्यात गारवा मिळतो तो वरचा फायदा. पावसाळ्यात घासून उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. आमचा नियम असा की जेवढं संध्याकाळपर्यंत प्रायमर होईल तेवढंच सकाळी घासायचं. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर असेल तरच रंग. दोन्ही मोजणारं हातातलं मीटर लिफ्टच्या किमतीपुढं काहीच नाही.

आता हवेची लाइन, कारण रंगातले निम्मे दोष तिथून येतात. ५ एचपीचा टू-स्टेज कॉम्प्रेसर साधारण १६ ते १८ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो. एचव्हीएलपी (कमी दाबाची) स्प्रे गन १२ च्या आसपास खाते, सँडर जवळजवळ तितकीच. म्हणजे रंग चालू असताना दुसरीकडे सँडर चालवायचा नाही. आम्ही पुढं १० एचपीचा घेतला आणि ५ चा राखीव ठेवला. सँडब्लास्टिंगच्या साध्या ३ मिमी नोझललाही १७-१८ सीएफएम लागते, ५ मिमीला दुपटीहून जास्त. म्हणून ब्लास्टिंग बाहेरून करून घेतो, तेही चासी, एक्सल, सस्पेन्शनचं. बॉनेट आणि टपाला जोराचं ब्लास्टिंग लागलं की पत्रा ताणून फुगतो आणि मग सरळ येत नाही. तिथं पेंट रिमूव्हर आणि हात. नदीची वाळू वापरणाऱ्याकडे काम देत नाही. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती कायमची. त्याऐवजी गार्नेट या खनिजाचे कण घ्यावेत.

लाइन १ इंची जीआय पाइपची, शेडभोवती रिंग करून, १०० ला १ उतारानं. प्रत्येक फाटा मुख्य पाइपच्या वरच्या अंगानं काढायचा आणि मग वळवून खाली आणायचा, कारण पाणी पाइपच्या तळानं वाहतं. उताराच्या शेवटी खाली लोंबणारा तुकडा आणि त्याला ड्रेन कॉक. पाणी पकडणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावला तर उपयोग कमी : हवा तिथं गरमच असते, पाणी अजून वाफेत. निदान ८ ते १० मीटर पाइप गेल्यावर लावायचा. पीव्हीसी पाइप स्वस्त दिसतो, पण दाबाखाली फुटला की त्याच्या काचेसारख्या चिरफळ्या उडतात.

पत्र्याचं काम हे आमचं मुख्य काम. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडर दोन्ही मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नाही. सिल हाच कणा. हेरल्ड आणि जीपला वेगळी चासी असते, तिथं बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. मोनोकॉकमध्ये सिल बदलताना क्रम चुकला की गाडी मधोमध बसते, दरवाजाचा वरचा गॅप मिटतो आणि मग दरवाजा कापून बसवायची पाळी येते.

क्रम असा. बॅटरी, पेट्रोल टाकी, सीट बाहेर. गाडी चार स्टँडवर, जिथं लिफ्टचे बाहू लावतो तिथंच, आणि पाण्याच्या नळीनं चारही बिंदू एका पातळीत. पुढच्या खालच्या बिजागरीपासून पलीकडच्या बाजूच्या मागच्या हँगरपर्यंत दोन्ही तिरकी मापं घेऊन कार्डावर लिहायची. दरवाजे लावूनच ठेवायचे. २५ बाय २५ मिमीचा चौकोनी पाइप आतल्या बाजूनं पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, दरवाजा बंद होईल असा, टाके (छोटे वेल्ड) मारून धरायचा. एका वेळी एकच बाजू. बाहेरची सिल काढली की आतली दिसते आणि ती नेहमी बाहेरचीपेक्षा जास्त खाल्लेली असते, त्यामुळे आतली पाहिल्याशिवाय एस्टिमेट देत नाही. नवीन सिल १८ गेजच्या, म्हणजे १.२ मिमीच्या सीआरसी (थंड लाटलेल्या) पत्र्याची, कोल्हापूरच्या उद्यमनगरात बेंडिंगवर वाकवून आणलेली. मडगार्ड आणि दरवाजाच्या कातड्याला (बाहेरच्या पत्र्याला) २० गेज. जीपी (जस्त चढवलेला) पत्रा नको, जस्ताचा धूर छातीला वाईट आणि वेल्डमध्ये भोकं राहतात. जोडणाऱ्या पृष्ठांना झिंकचा वेल्ड-थ्रू (वरून वेल्ड मारता येईल असा) प्रायमर, ७ मिमीची भोकं ४० मिमीवर, त्यातून प्लग वेल्ड, म्हणजे भोक भरून केलेला वेल्ड. मिग वेल्डिंगची तार ०.८ मिमी, गॅस ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइड. टाके एका ओळीत नाहीत. एक इकडे, एक तिकडे, आणि प्रत्येक फेरीनंतर दरवाजा लावून पाहायचा. तिरकी मापं ३ मिमीच्या आत जुळली तरच सलग वेल्ड. शेवटी सिलच्या पोकळीत मेण मारायचं आणि खालची निचऱ्याची भोकं मोकळी ठेवायची. जुनी सिल गंजते ती बहुतेक वेळा याच भोकांत लांबी (पुट्टी) भरल्यामुळे.

पानेही तीन जातींचे ठेवावे लागतात. फियाटला मिलिमीटर, जीप आणि अ‍ॅम्बॅसेडरला इंचाचे, पन्नासच्या दशकाआधीच्या ब्रिटिश गाडीला व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे. अर्ध्या इंची डोक्याच्या बोल्टावर १३ चा पाना बसतो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. नव्या बोल्टावर चालून जातं. पन्नास वर्षांच्या गंजलेल्या बोल्टाचं डोकं मात्र गोल होतं. पान्यांच्या ट्रॉल्या वेगवेगळ्या रंगांच्या केल्यात.

रंगाची खोली ७ बाय ४ मीटर, २.८ मीटर उंच. आडव्या झोताची हवा, वेग सेकंदाला ०.४५ मीटर धरला तर तासाला सुमारे १८,००० घनमीटर हवा ओढणारा पंखा लागतो. मोटर झोताच्या बाहेर. टू-के पीयू (हार्डनर मिसळायच्या) रंगात आयसोसायनेट ही घातक रसायनं असतात, ते वासानं कळत नाहीत, म्हणून पेंटरला बाहेरून हवा पुरवणारा मास्क. साधा कार्ट्रिज मास्क त्याला पुरेसा नाही. थिनर-पेट्रोल वेगळ्या बाहेरच्या खोलीत. विक्रीसाठी नसलेलं क्लास ए (सहज पेट घेणारं) पेट्रोलियम ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, असं १९३४ चा पेट्रोलियम कायदा सांगतो. बॅरल आणून ठेवायचा मोह तिथंच संपतो.

१५ जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनंतर फायलीचं काम वाढलं. ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून व्हीए या वेगळ्या नंबर मालिकेत नोंदता येते. नवीन नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,००० रुपये, मुदत १० वर्षांची. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणून पॉवर स्टिअरिंग किंवा डिझेल इंजिन बसवून मागणाऱ्या मालकाला हे आधीच सांगतो, आणि इंजिन-चासी नंबरांचे फोटो घासण्याआधी काढतो. नंबरावर सँडर फिरला तर तो परत येत नाही.

इंजिनाचं बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, ब्रेक ड्रमचं ओतकाम उद्यमनगरात होतं; इथं असण्याचा हाच मोठा फायदा, आणि ती यंत्रं आम्ही घेणार नाही. क्रोमही बाहेरच. प्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या लाल वर्गात येतं, सांडपाण्याची व्यवस्था छोट्या शेडला झेपत नाही. बंपर पाठवताना मात्र सोबत कागद जातो : आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम, आणि कडा व अक्षरं बफवर (पॉलिशच्या चाकावर) घासून घालवायची नाहीत. आल्यावर पहिल्यांदा कडाच पाहतो.