जवारी

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तंबोऱ्याचा आवाज वर्षभरापासून बसला होता. उपासनेत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं की पडशानं नाक चोंदलेला कुणीतरी मागं गुणगुणतोय असं वाटायचं. तो मिरजेला नेण्याचं काम माझ्यावर आलं. मी रिटायर्ड, त्यामुळे असली कामं माझीच. सांगलीहून सिटी बसमध्ये भोपळा मांडीवर घेऊन बसलो, तर शेजारच्या बाईंनी विचारलं, "मास्तर, कार्यक्रम कुठं आहे?"

त्याच्या दोनच दिवस आधी धाकट्या भावाशी वाजलं होतं. आई माझ्याकडे असते, तो पुण्याला. दर रविवारी फोन करतो आणि सल्ले देतो: हे खायला घालू नका, त्या डॉक्टरला दाखवा. त्या रविवारी "दादा, मला वाटतं आईला..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं आणि मी सुटलो. बोलून झाल्यावर फोन ठेवला, आणि वर व्हॉट्सअ‍ॅपवर बायबलातल्या नीतिसूत्रे ह्या पुस्तकातलं १८:१३ पाठवलं. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं म्हणजे मूर्खपणा, अशा अर्थाचं वचन. तीस वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांकडून नीतिसूत्रे पाठ करून घेतलीत, वचन शोधायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर काही आलं नाही.

ऐकून न घेणारा मीच होतो, हे डोक्यात शिरायला मंगळवार उजाडला. तोही सतारमेकर गल्लीत.

मिरजेच्या ह्या धंद्याची सुरुवात शिकलगारांनी केली, हत्यारांना धार लावणाऱ्यांनी. एकोणिसाव्या शतकात तेच हात सतारी घडवायला लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानातल्या चाचांना मात्र त्या सर्टिफिकेटपेक्षा माझ्या तंबोऱ्याची घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, बघायची घाई होती. तारा ढिल्या केल्या, घोडीच्या माथ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तारांनी खड्डे पाडलेत. जवारी गेली." जवारी म्हणजे घोडीवरून तारेला येणारी ती झणकार.

मग कानस. दोन-चार हात मारायचे, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं. पुन्हा उतरवायची. घोडीला इतका बारीक उतार द्यायचा की तार तिला टेकल्यासारखी आणि न टेकल्यासारखी राहिली पाहिजे. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत एका जागी थांबले, आणि पंचम असा झणकारला की माझ्या अंगावर काटा आला. चार तारांना दुपार गेली. मी विचारलं, "माप किती घेता?" चाचा हसले. "माप कसलं? जास्त घासलं तर परत भरता येत नाही, एवढं ध्यानात ठेवायचं."

परतीच्या बसमध्ये बसालेल आठवला. बायबलातल्या निर्गमाच्या ३१ व्या अध्यायातला, निवासमंडपाचं, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूचं, सोन्या-रुप्याचं, लाकडाचं, रत्नं कोंदणात बसवण्याचं काम करणारा. देवानं त्याला आपल्या आत्म्यानं भरून जे दिलं त्यासाठी मूळ हिब्रूत शब्द आहे होखमा. नीतिसूत्रांत बाईच्या रूपात रस्त्यावर उभी राहून हाका मारते ती हीच. स्तोत्र १०७ मध्ये वादळात सापडलेल्या खलाशांची अक्कल चालेनाशी होते, तिथंही हाच शब्द. म्हणजे सोनाराचं कसब, तांडेलाचं कसब. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्याला बहुतेक जागी 'ज्ञान' म्हटलंय. भाषांतराला नावं ठेवायची माझी लायकी नाही, पण 'ज्ञान' म्हटलं की माझ्यासारख्या मास्तराला वही आणि परीक्षाच दिसते. मी मुलांना पाठांतराला बक्षिसं दिली. कानस एकाच्याही हातात दिली नाही.

नीतिसूत्रांच्या २६ व्या अध्यायात चौथं वचन म्हणतं मूर्खाला उत्तर देऊ नको, आणि पाचवं म्हणतं दे. वर्गात दरवर्षी एखादं कार्टं विचारायचंच, "सर, खरं कुठलं?" मी काहीतरी सांगून पुढं जायचो. आता वाटतं, चाचांनी त्या पोराला बरोबर सांगितलं असतं: तार छेडून बघ. आणि त्याच पानावर नववं वचन आहे, ते मी कधी कुणाला पाठ करायला दिलं नव्हतं. मूर्खाच्या तोंडचं बोधवचन म्हणजे दारुड्याच्या हातात शिरलेला काटा. मी तो काटा पुण्याला पाठवला होता, अध्याय आणि वचनाच्या आकड्यासकट.

रात्री जेवण झाल्यावर धाकट्याला फोन लावला. आधी प्रार्थना केली, खोटं कशाला सांगू, "तोंड बंद ठेव" एवढीच. म्हटलं, "रविवारी तू काहीतरी सांगत होतास." तो गप्प. मग म्हणाला, "काही नाही दादा. दोन महिने आईला इकडं आणावं म्हणत होतो. वहिनींना जरा विसावा."

माझ्या जिभेवर लगेच तीन उत्तरं आली. जिन्याचं, पुण्याच्या पाण्याचं, आणि तुझ्या नोकरीचं. तिन्ही खरी होती. मी म्हटलं, "बोल."

तो बराच वेळ बोलला. त्यातलं निम्मं मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. फोन ठेवला तेव्हा आई अंथरुणावर उठून बसली होती.

"कोण रे एवढा वेळ?"

"धाकटा."

"भांडलात?"

"नाही."

तिनं माझ्याकडे जरा वेळ संशयानं बघितलं आणि कुशीवर वळली.