भोसरीच्या शेडमधून कॅथ लॅबपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या शेडमध्ये सुरुवातीला सलाईनच्या नळ्या निघत. पीव्हीसीचा दाणा हॉपरमध्ये टाकायचा, एक्स्ट्रूडर (दाणा वितळवून नळी काढणारं यंत्र) चालू ठेवायचा आणि मीटरवर मोजून माल द्यायचा. काम बारमाही होतं, पण दर घेणारा ठरवायचा. आपल्याकडे डाय (साचे) बनवणारे चांगले कारागीर आहेत, मायक्रॉनमध्ये माप सांभाळायची सवय आहे, तर याहून अवघड काहीतरी हाती घ्यावं, हे डोक्यात घोळत होतं. ऑक्टोबर 2005 मध्ये केंद्र सरकारने स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी), कॅथेटर (शरीरात घालायची बारीक नळी) वगैरे उपकरणं औषध कायद्याखाली आणली. ओळखीतल्या दोघा-तिघांनी तेव्हा या धंद्यातून अंग काढून घेतलं. मला उलट वाटलं, नियम आले म्हणजे नीट काम करणाऱ्याला जागा होईल. म्हणून आम्ही कॅथेटर हाती घेतला.

रक्तवाहिनीत जाणाऱ्या नळीची सगळी अडचण अशी, की ती ताठही हवी आणि मऊही. अँजिओग्राफीचा कॅथेटर मनगटातल्या धमनीतून शिरतो, खांद्याच्या वळणावरून महाधमनीत उतरतो आणि हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी जाऊन बसतो. डॉक्टर बाहेर हब (नळीची हातात धरायची मूठ) फिरवतात, तो पीळ एक मीटर लांबच्या टोकापर्यंत पोचायला हवा. पण तेच टोक धमनीच्या अस्तराला टोचलं तर इजा होते, म्हणून शेवटचे काही मिलिमीटर अगदी नरम लागतात. त्यात जागा किती? मनगटातली धमनी साधारण दोन-अडीच मिलिमीटरची. 5 फ्रेंचची नळी बाहेरून 1.67 मिलिमीटर. (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप; तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. हे माप एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या शारिएर या उपकरणकाराने रूढ केलं आणि आजही साऱ्या जगात तेच चालतं.) भिंत पातळ केली तर नळी मुडपते, जाड केली तर आतली वाट अरुंद होते. आतली त्रिज्या दहा टक्क्यांनी घटली, की तेवढ्याच दाबाखाली प्रवाह एक-तृतीयांशाहून जास्त घटतो.

हे गणित कागदावर कळत होतं. ते हातात उतरलं एका ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञांमुळे. त्यांनी आम्हाला लीडचा (शिशाचा) ॲप्रन घालून कॅथ लॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर बघत कॅथेटर घालतात त्या खोलीत, उभं केलं आणि म्हणाले, "आधी माझा हात बघा, पडदा मागाहून." त्यांनी हब थोडा फिरवला, पडद्यावरचं टोक जागचं हललं नाही. आणखी थोडा फिरवला, तसं ते एकदम झटक्यानं वळलं. "हा झटका मला नकोय," एवढंच ते बोलले. परत आल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते चाचणीच्या मांडणीचं: 37 अंशांचं पाणी, महाधमनीच्या वळणाची काचेची नळी आणि दोन्ही टोकांना कोनमापक. हब किती फिरला आणि टोक किती फिरलं, हे शेजारी-शेजारी मांडलं की वाद उरत नाही. आजही नवी रचना आली की ती आधी या पाण्यात उतरते.

नळी घडते ती अशी. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेवर पीटीएफईचं (निसरड्या प्लास्टिकचं) पातळ अस्तर चढतं. त्यावर स्टेनलेस स्टीलच्या 16 चपट्या तारांची जाळीदार वीण. त्यावर पीबॅक्स या लवचिक प्लास्टिकच्या नळ्यांचे तुकडे, हबकडून टोकाकडे कडकपणा उतरत जाणारे: 72 शोर डी (कडकपणाचं माप), मग 63, मग 55, टोकाला 35-40. टोकाकडच्या भागात वीण नसते. तुकडे एकमेकांना भिडवायचे, वरून हीट श्रिंक (उष्णतेने आकसणारी नळी) चढवायची, गरम हवेखाली सगळं एकजीव करायचं आणि श्रिंक सोलून काढायची. कडकपणा जिथे एकदम पडतो, नळी नेमकी तिथेच मुडपते. म्हणून मधले तुकडे आखूड ठेवणं आणि वीण किती दाट, किती विरळ हे ठरवणं, यातच आमचं खरं डिझाइन आहे. भिंगाखाली हे तुकडे भिडवण्याचं काम आमच्याकडच्या ताई करतात. सांध्यात बारीक फट राहिली तर कॅमेऱ्याआधी त्यांच्या बोटांना कळते. शेवटी आतली तांब्याची तार काढायची. ती ओढून निघत नाही. दोन्ही टोकं धरून ताणली की ती बारीक होते, अस्तरापासून सुटते आणि अलगद बाहेर येते. नव्या मुलाला हे पहिल्यांदा दाखवताना मला अजूनही आनंद होतो.

पुण्याचा पावसाळा आमच्या मालाला मानवत नाही. पीबॅक्स काय, पॉलियुरेथेन काय, दोन्ही हवेतला ओलावा पितात. ओला दाणा एक्स्ट्रूडरमध्ये गेला की भिंतीत बुडबुडे येतात. जून ते सप्टेंबर ड्रायरवरचा माणूस हाच कारखान्याचा राजा असतो. एक्स-रेत नळी दिसावी म्हणून दाण्यात बेरियम सल्फेट मिसळतात. ते वाढवलं तर नळी ठळक दिसते, पण प्लास्टिकची ताकद उतरते.

टोकाच्या वळणाचीही कथा आहे. डाव्या आणि उजव्या हृदयधमनीसाठीचे जुडकिन्स आकार (ते बेतणाऱ्या डॉक्टरांच्या नावाचे) 1960 च्या दशकात मांडीतून जाण्यासाठी बेतले गेले. आता मनगटातून जाताना डाव्या बाजूसाठी वळणाचं माप 4 ऐवजी बरेचदा 3.5 घेतात. वळण उष्णतेने बसवलेलं असतं आणि निर्जंतुकीकरणाच्या ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायूच्या) चेंबरमध्ये पुन्हा ऊब लागते, तेव्हा ते थोडं उलगडतं. आम्ही ते मुद्दाम जरा घट्ट बसवतो आणि शेवटचं माप चेंबरमधून आल्यावरच घेतो.

लहान कारखान्याला सगळ्यात जड गेलं ते वाट पाहणं. 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. सी आणि डी या जास्त जोखमीच्या वर्गांतल्या उपकरणांचा परवाना केंद्राकडून येतो आणि त्याआधी जैवसुसंगततेच्या (शरीराला अपाय होत नाही ना, याच्या) चाचण्या, क्लीन रूम, कागदपत्रं. पाकिटावर दोन वर्षांची मुदत छापायची तर माल 55 अंशांवर ठेवून जुना करावा लागतो. एका वर्षासाठी साधारण 46 दिवस. तोवर पगार थांबत नाहीत. त्यात एका मोठ्या वितरकाने आमची बिलं महिनोन्‌महिने अडकवून ठेवली. लघुउद्योगांना 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा 2006 पासून आहे. त्याप्रमाणे पैसे मागण्याची हिंमत प्रत्येक कारखानदाराने करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या काळात सलाईनच्या नळ्यांनीच घर चालवलं, म्हणून ती जुनी लाइन मी आजही बंद केलेली नाही.

सध्या ब्रेडिंग (वीण घालणाऱ्या) मशीनवर 4 फ्रेंचची नळी चढली आहे. बारीक चणीच्या बायकांच्या आणि वयस्क रुग्णांच्या मनगटासाठी ती हवी, असं डॉक्टर सांगतात. भिंत आणखी पातळ, पण पाण्याच्या टाकीत पीळ तेवढाच पोचायला हवा. वरच्या भागात वीण दाट केली की नळी वाकायला सोपी होते, पण ढकलताना दबते. विरळ केली की उलटं. या आठवड्यात चपट्या तारेची रुंदी बदलून नवे नमुने काढतो आहोत.